शिशावरचं औषध आणि सकाळची कॉफी

गेल्या वर्षी माझ्या रक्तात शिसं सापडलं. दर डेसिलिटरला 74 मायक्रोग्रॅम. आकडा 5 निघाला तरी शिसं कुठून आलं ते शोधून थांबवावं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं 2021 चं मार्गदर्शन सांगतं. माझ्या रक्तातलं शिसं उतरवताना काय त्रास झाला आणि कशाने आराम पडला, ते सांगते. कुणावर ही वेळ आलीच तर उपयोगी पडेल.

आम्ही बंगळूरला मल्लेश्वरममध्ये राहतो. माहेर-सासर दोन्ही बेळगावचं. माझे गुडघे दुखायचे म्हणून वन्सं तिकडच्या एका वैद्यांकडून पुड्या पाठवायच्या. करड्या रंगाची बारीक पूड, दोन वेळा मधातून चाटायची. पुडीवर नाव नाही, घटक नाहीत. वन्सं स्वतःही तीच घेत होत्या आणि गुडघ्यांना बरं वाटतही होतं.

काही महिन्यांनी बेंबीभोवती पीळ पडून दुखायला लागलं. पोट साफ होईना, भूक मेली. जिना चढताना धाप लागायची. ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या, सोनोग्राफी झाली, एंडोस्कोपी झाली. सगळं ठीक. हिमोग्लोबिन मात्र आठच्या खाली आणि लोहाच्या गोळ्या घेऊनही ते हलेना. शेवटी एका डॉक्टरांनी रक्ताची काच नीट बघायला सांगितली. तांबड्या पेशींत निळे ठिपके दिसले. मग त्यांनी विचारलं, घरी रंगकाम झालंय का, कुणी बॅटरीच्या कारखान्यात आहे का, कुठलं भस्म घेता का? मी पर्समधली पुडी काढून टेबलावर ठेवली. ती तपासायला पाठवली, तिच्यात शिसं निघालं.

आयुर्वेदाच्या रसशास्त्रात नागभस्म म्हणजे शिशाचंच भस्म, आणि रससिंदूरात पारा असतो. अमेरिकेत बोस्टनच्या आसपासच्या दुकानांत मिळणारी 70 आयुर्वेदिक औषधं तपासली होती, त्यांतल्या 14 औषधांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. 2004 साली ते छापून आलं. सगळा आयुर्वेद वाईट असं मी म्हणत नाही, आमच्या घरात आजही त्रिफळा चूर्ण असतं. पण ज्या पुडीवर काही लिहिलेलं नाही, ती पोटात जाऊ देऊ नये.

या विषयात बंगळूरचं नाव जुनं आहे. सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातले डॉ. तुप्पिल वेंकटेश यांनी शिशाच्या विषबाधेवर अनेक वर्षं काम केलं. जॉर्ज फाउंडेशन या संस्थेने मोठ्या शहरांतल्या मुलांचं रक्त तपासलं आणि 1999 मध्ये इथेच परिषद भरवली. निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात शिसं 10 च्या वर होतं. पुढच्याच वर्षी देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं. हे सगळं मी आजारी पडल्यावर वाचलं आणि आपण एकटेच नाही, असं वाटून थोडा धीर आला.

उपचारात पहिली गोष्ट म्हणजे पुड्या बंद. शिसं पोटात जातच असेल तर वरून औषध देऊन उपयोग नाही, उलट अपाय होऊ शकतो, असं डॉक्टर म्हणाले. मग डी-पेनिसिलामाइनच्या कॅप्सूल सुरू झाल्या. हे औषध शिशाला धरून लघवीवाटे बाहेर काढतं. सोबत बी-6 ची गोळी. सुरू करण्याआधी पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का, हे त्यांनी दोनदा विचारलं. रक्तातल्या पेशी आणि लघवीतली प्रथिनं ठरावीक दिवसांनी तपासायची होती. ती तारीख मी कधी चुकवली नाही, कारण या औषधाने प्लेटलेट उतरू शकतात आणि मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो.

पहिला त्रास मळमळीचा. कॅप्सूल रिकाम्या पोटी घ्यायची, जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी. दूध आणि लोहाची गोळी तिच्या जवळपासही नको, कारण मग औषध अंगी लागत नाही. आता आमच्याकडे सकाळ उजाडते ती दुधाच्या फिल्टर कॉफीने. रात्री डिकॉक्शन लावून ठेवायचं आणि उठल्या उठल्या दवरा-टंबलर हातात. पहिल्या आठवड्यात मी कॅप्सूल घेऊन तासाभराने, काही न खाता, कॉफी प्यायचे. छातीत धडधडायचं, हात थरथरायचे. दुपारची कॉफी घेतली की रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता. इतकी वर्षं दिवसाला चार कप पिणारी बाई मी. औषधच बाधतंय असं वाटून रडू यायचं.

डॉक्टरांनी समजावलं. रक्त कमी असलं की हृदय आधीच जोरात धावत असतं. त्यात पोट रिकामं, मळमळीमुळे पाणीही कमी जातं. अशा वेळी नेहमीचा कप जड होतो. घेतलेलं कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे पाचच्या कॉफीतलं निम्मं रात्री दहाला अंगात असतं. मध्येच लघवीच्या संसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन घ्यावं लागलं, तो आठवडा सगळ्यात वाईट गेला. त्या औषधाने कॅफीन शरीरातून निघायला आणखी वेळ लागतो, हे मला तेव्हा कळलं.

एकदम कॉफी सोडून बघितली. दुसऱ्या दिवशी डोकं इतकं दुखलं की अंधार करून पडून राहिले. मग हळूहळू कमी केली. कोपऱ्यावरच्या कॉफी पावडरच्या दुकानात आम्ही कॉफी आणि चिकोरी 80:20 दळून घेत होतो. त्याला 60:40 करायला सांगितलं. चिकोरीत कॅफीन नसतं, त्यामुळे कप तेवढाच राहिला आणि कॅफीन कमी झालं. दुकानदाराने एकदा माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता यंत्र सुरू केलं. बाहेर गेलो की हे आणि मी बाय-टू, म्हणजे एक कॉफी दोघांत वाटून, घ्यायचो. दुपारी बारानंतर कॉफी नाही, हा नियम ह्यांनीही माझ्यासोबत पाळला, मला त्याचं फार बरं वाटलं.

वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं. उठल्यावर पाण्यासोबत कॅप्सूल. तासाभराने इडली किंवा उपमा, आणि त्यानंतरच कॉफी. लोहाची गोळी दुपारी, लिंबूपाण्यासोबत. कॉफी-चहाने लोह नीट शोषलं जात नाही, म्हणून मध्ये दोन तास सोडायचे. आणि लोह कमी असलं की शरीर शिसं जास्त ओढून घेतं, त्यामुळे ती गोळी टाळून चालत नव्हतं.

जिभेची चव गेली ते मात्र सहन करावंच लागलं. कॉफी खारट लागायची, वरणभात मातीसारखा. हे औषधामुळे होतं आणि बहुतेकांची चव परत येते, हे आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. पुढे दोन्ही हातांवर खाजरं पुरळ उठलं. त्याच दिवशी फोन केला. औषध थांबवलं, पुरळ गेल्यावर कमी मात्रेने पुन्हा सुरू केलं. पुरळ, ताप, घसा दुखणं, अंगावर काळे-निळे डाग, यांतलं काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नये.

या काळात फोनवर सल्ले खूप आले. कोथिंबिरीचा रस, पायाला लावायच्या पट्ट्या, कॉफीचा एनिमा, कुणी म्हणे सलाइनमधून विष धुऊन काढतात. मी प्रत्येक गोष्ट डॉक्टरांना दाखवली. सलाइनबद्दल त्यांनी जे सांगितलं ते ऐकून अंगावर काटा आला. शिशावर कॅल्शियम असलेलं ईडीटीए देतात. अमेरिकेत त्याच्याशी मिळत्याजुळत्या नावाचं सोडियमचं ईडीटीए दिल्याने रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरलं आणि माणसं दगावली. 2003 ते 2005 मधल्या अशा मृत्यूंत लहान मुलंही होती.

पहिल्या कोर्सनंतर आकडा 31 वर आला. काही आठवड्यांनी पुन्हा 40 च्या वर. मी हिरमुसले. पण प्रौढांच्या शरीरातलं बहुतेक शिसं हाडांत साठलेलं असतं, रक्त मोकळं झालं की ते परत रक्तात उतरतं. दुसरा कोर्स झाला, तो पहिल्याइतका जड गेला नाही. आता आकडा 18 आहे, हिमोग्लोबिन अकराच्या पुढे. पोटदुखी थांबली, चव परत आली. सकाळी एक पूर्ण कप कॉफी सोसते, दुसरा अजून नाही.

वन्सं मात्र तपासणीला तयार होत नव्हत्या. मला काही होत नाही, म्हणायच्या. मी माझे सगळे रिपोर्ट घेऊन बेळगावला गेले, त्यांच्याशेजारी बसून एकेक कागद दाखवला. त्यांच्या रक्तात 38 निघालं. त्यांना कॅप्सूल लागल्या नाहीत, पुड्या बंद करून दर तीन महिन्यांनी रक्त बघायचं ठरलं आहे. पुढची तारीख त्यांच्या कॅलेंडरवर मीच लिहून आले.