जमेची बाजू

शरणपूर रस्त्यावरील राजीव गांधी भवनात नाशिक महापालिकेची अंदाजपत्रकीय महासभा भरली की प्रेक्षक सज्जात जाऊन बसावयाचे, हा शिरस्ता मी निवृत्तीनंतर पाळीत आलो. आयुक्तांनी जमाखर्चाचा अंदाज स्थायी समितीपुढे ठेवावा, समितीच्या सोळा सदस्यांनी त्यात आपापल्या पसंतीची भर घालून तो महासभेकडे धाडावा, आणि महासभेनेही मंजुरीची मोहोर उठविता उठविता आणखी काही कामे त्यात बसवावीत, असा हा क्रम. परंतु खर्च वाढला की जमाही तितकीच वाढलेली दाखवावी लागते, आणि कागदावर ती वाढविण्यास लेखणीखेरीज काही लागत नाही. विल्होळी-आडगावच्या नाक्यांवर जकात गोळा होत होती तोवर त्या आकड्यांना रोजच्या रोकडीचा आधार तरी होता. 2013 मध्ये तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, 2017 च्या जुलैपासून जीएसटीमुळे तोही जाऊन शासनाच्या भरपाई अनुदानाकडे डोळे लावण्याची पाळी आली, आणि घरपट्टी वाढविण्याचे नाव निघताच एरवी हमरीतुमरीवर येणारे पक्ष एकदिल होत.

एकदा आमच्या भागातील नगरसेवक मोठ्या समाधानाने सभेतून बाहेर पडले. नाल्याच्या संरक्षक भिंतीसाठी एक लाखाची टोकन तरतूद त्यांच्या पदरात पडली होती. एवढ्यात पायाही खणून होणार नाही, असे मी म्हणताच ते हसले. "काका, हेड तर उघडलं! पैसे मागाहून वळवता येतात." अशी उघडलेली हेडे, म्हणजे खर्चाची लेखाशीर्षे, आणि मागील कामांचे दायित्व मग नव्या वर्षाच्या डोईवर बसते.

2018 मध्ये आयुक्त तुकाराम मुंढे यांनी गरज, तांत्रिक व्यवहार्यता व निधीची उपलब्धता या त्रिसूत्रीवर कामे पारखण्यास प्रारंभ केला. हिशेब बिनतोड होता; पण करवाढीचा विषयही त्याच वर्षी निघाल्याने प्रकरण अविश्वास ठरावापर्यंत गेले, आणि नोव्हेंबरात त्यांची बदली झाली.

मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत सरली, प्रशासकीय राजवट आली, आणि अंदाजपत्रक मांडणारा व मंजूर करणारा हात एकच झाला. उपसूचना नाहीत, सभात्याग नाही, फुगवट्याविषयी जाब विचारणाराही कोणी नाही; मला तर तो जुना गलबलाच बरा वाटे. नाल्याकाठचे रहिवासी भिंतीचा विषय घेऊन त्याच माजी नगरसेवकांच्या दारी जात, आणि ते बिचारे त्यांना अर्ज लिहून देत.