जुनी गाडी घेण्याआधी तिचे गाव बघा

आपल्यासारख्या नोकरदार-कामगार कुटुंबाला सहकुटुंब प्रवास म्हटला की पहिला प्रश्न मुक्कामाचा पडतो. तिकिटाचे पैसे कसेबसे जमतात. पण आठ-दहा माणसे दोन रात्री लॉजवर उतरली की तिकिटापेक्षा खोलीचे भाडे जड होते. सोबत म्हातारी माणसे आणि लहान मुले असली की रस्त्यातले हाल वेगळेच. म्हणून कल्याणच्या आमच्या वस्तीतील चार घरांनी ठरवले की, एक जुनी मोठी व्हॅन घ्यायची, आतल्या खुर्च्या काढून झोपायचे बाक, छोटा ओटा आणि पाण्याची टाकी बसवायची आणि तिच्यातूनच वेरूळ-अजिंठा, नागपूर, कोकणातले मूळ गाव असा प्रवास करायचा. हल्लीची मुले अशा गाडीला ‘कॅम्पर’ म्हणतात.

प्रत्येक घराने दीड लाख काढले. एकूण सहा लाख. चार लाखांपर्यंत गाडी आणि उरलेले दोन लाख आतल्या कामाला व कागदपत्रांना, असा हिशेब मी वहीत मांडला. या सहा लाखांत एका घराचे पतपेढीचे कर्ज आहे आणि एका वहिनींनी भिशीतून साठवलेला पैसा आहे. गाडी फसली असती तर कर्जाचे हप्ते चालूच राहिले असते आणि चार घरे एकमेकांशी बोलेनाशी झाली असती. त्यामुळे गाडी बघण्याचे काम आम्ही मुलाच्या लग्नासाठी स्थळ बघावे तसे केले. तीन ठिकाणी फिरलो. त्या फिरण्यातून जे कळले ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

कोणती गाडी?

आपल्याकडे व्हॅन म्हटली की जुन्या लोकांना मॅटाडोर आठवते. बजाज टेम्पो कंपनीने ती १९६९ पासून बनवली; आता ती मोडीतच दिसते. मारुतीची ओम्नी १९८४ साली आली आणि २०१९ मध्ये बंद झाली. ती दोन माणसांना झोपायला ठीक, चार मोठ्या माणसांना नाही. टाटाची विंगर २००७ पासून आहे. पण आमचा डोळा ट्रॅव्हलरवर होता. बजाज टेम्पोने ती १९८७ साली आणली. पुढे २००५ मध्ये कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले, तरी लोक अजून ‘टेम्पो ट्रॅव्हलर’च म्हणतात. तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात आणि ती दुरुस्त करणारा मिस्त्री कुठेही भेटतो. रात्री-अपरात्री बायका-मुलांना घेऊन रस्त्यात अडकलो तर याच गोष्टीला किंमत असते.

माझे मेव्हणे एस.टी.त एकतीस वर्षे चालक होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितले, “दाजी, इंजिन बांधता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो. पण सडलेला पत्रा आणि खोटे कागद यांना औषध नाही. गाडी कुठं राहिली आणि काय काम केलं, एवढं आधी विचारा. बाकीचं गाडी स्वतः सांगते.”

अलिबागची पांढरीशुभ्र गाडी

जूनच्या अखेरीस आम्ही दोघे पनवेलहून अलिबागच्या एस.टी.त बसलो. पेण, वडखळ, पोयनाड, कार्ले खिंड असा हा रस्ता. खिंड उतरली की हवा बदलते. अंगाला चिकटपणा जाणवतो, ओठांवर जीभ फिरवली तर खारट लागते. त्या हवेत अकरा वर्षे राहिलेली एक गाडी आम्ही बघायला चाललो होतो. समुद्राकाठच्या एका हॉटेलच्या पाहुण्यांची मांडव्याच्या जेट्टीवरून ने-आण करणारी.

गाडी दिसायला देखणी. ताजा पांढरा रंग, नवी सीट कव्हर, आत अत्तराचा वास. मालकाने तीन लाख चाळीस हजार सांगितले. मी खूश झालो होतो. मेव्हण्यांनी मात्र खिशातून फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक काढले. दाराखालच्या पट्टीला लावले, ते गळून पडले. मागच्या चाकाच्या कमानीला लावले, तिथेही धरेना. लोखंड असेल तर चुंबक धरणारच. धरत नाही म्हणजे पत्रा खाऊन गेला आहे आणि त्या जागी लांबी भरून वरून रंग मारला आहे. बोटाने वाजवले की हा फरक कानालाही कळतो. शाबूत पत्रा खणकतो, लांबी ढब्ब वाजते.

मग चालकाच्या पायाखालचा रबरी मॅट उचलला. खाली पापुद्रे सुटलेले. छपराच्या कडेची पन्हाळ, पुढच्या काचेच्या रबराखालची चौकट, बॅटरीची बैठक, सगळीकडे तीच गत. शेवटी मेव्हणे पोते अंथरून गाडीखाली गेले. मागचे पाटे जिथे चासीला टांगलेले असतात तिथे त्यांनी पेचकस टोचला, तर लोखंडाचा चुरा हातावर पडला. ब्रेकच्या नळीवरही गंजाची खपली होती. घाट उतरताना ती नळी फुटली तर काय होईल हे सांगायला नको.

असे का होते? पावसाळ्यात आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटते ना, तेच इथे होते. मीठ हवेतली ओल ओढून घेते आणि धरून ठेवते. खाऱ्या वाऱ्याने पत्र्याच्या सांध्यांत बसलेले मीठ तिथली जागा सतत ओली ठेवते आणि खारे पाणी साध्या पाण्यापेक्षा लोखंड लवकर खाते. किनाऱ्यावरची प्रत्येक गाडी वाईट असते असे नाही. रोज खालून गोड्या पाण्याने धुतलेली गाडी टिकते. पण ही फक्त वरून धुतलेली होती.

आमचे चेहरे पाहून मालक दोन लाख ऐंशीवर आला. “काका, अजून थोडं कमी करू.” मेव्हणे हसून म्हणाले, “मालक, फुकट दिलीत तरी बायका-पोरांना यात बसवणार नाही.”

कुर्ल्यात विचारलेले भाव

पुढच्या रविवारी आम्ही कुर्ल्याला सी.एस.टी. रोडवर गेलो. गाडी घ्यायला नव्हे, भाव विचारायला. जुन्या गाडीत काय बिघडले तर किती खर्च येतो हे आधी माहीत असेल तरच घासाघीस करता येते. तिथे दार, काच, रेडिएटर, गिअरबॉक्स, आख्खे इंजिनसुद्धा मिळते. क्लच प्लेटचा, टायरचा, काचेच्या रबराचा भाव मी वहीत टिपून घेतला. सडलेली फरशी आणि चासी यांचा भाव मात्र कुणी धड सांगेना. कापायचे, जोडायचे, वेल्डिंग मारायचे. गाडी उघडल्याशिवाय काम किती निघेल ते कळत नाही.

एका दुकानदाराने आणखी एक गोष्ट सांगितली. जुने इंजिन घेतले तर बिल आणि ते इंजिन ज्या गाडीतून निघाले तिचे कागद मागून घ्या. आर.सी.वरचा इंजिन नंबर आणि गाडीतला नंबर जुळला नाही तर नवा मालक चौकशीत अडकतो.

सिन्नरची मळकी गाडी

जुलैत तिसरी गाडी बघायला निघालो. या वेळी आमच्या सौ.ही टेप आणि सतरंजी घेऊन आल्या. सकाळची तपोवन गाडी कसारा घाट चढली तेव्हा खिडकीबाहेर धुक्याशिवाय काही दिसत नव्हते. इगतपुरीला पाऊस कोसळत होता. नाशिक रोडला उतरून पुणे रस्त्याने सिन्नरला पोहोचलो, तर तिथे जेमतेम भुरभुर. सह्याद्री ओलांडताना पाऊस घाटमाथ्यावरच रिता होतो आणि सिन्नर त्याच्या पाठीमागे कोरडे राहते. हे जुने विडीचे गाव. यादवकाळातल्या गोंदेश्वराच्या दगडी देवळासाठीही ते ओळखले जाते. आता बाजूला औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या एका कारखान्याची, कामगारांची ने-आण करणारी बारा वर्षांची ट्रॅव्हलर विकायला होती. मागणी तीन लाख नव्वद हजार.

गाडी बघून सौ. पुटपुटल्या, “अहो, ही तर अगदीच मळकी आहे.” रंग उडालेला, डाव्या अंगाला दोन पोचे, खुर्च्यांचे रेक्झिन फाटलेले. पण चुंबक सगळीकडे चिकटले. खाली धूळ आणि तेल यांचा थर बसला होता. तो खरवडल्यावर आतले लोखंड शाबूत निघाले. कोरड्या गावाने गाडी जपली होती.

काम मात्र तिने भरपूर केले होते. क्लचच्या पायपट्टीचे रबर गुळगुळीत झाले होते. म्हणजे वारंवार थांबून चालणारी गाडी. असे रबर घासलेले आणि मीटर कमी किलोमीटर दाखवत असेल तर मीटरवर विश्वास ठेवू नये. पुढचा एक टायर आतल्या बाजूने जास्त झिजला होता. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी रबर जुने असू शकते.

आम्ही येण्याआधी गाडी चालू करू नका, असे फोनवर बजावले होते. गरम इंजिन आपले दुखणे लपवते. मेव्हण्यांनी बोनेटवर हात ठेवून ते थंड असल्याची खात्री केली, मगच चावी फिरवली. निळा धूर टिकून राहिला तर इंजिन ऑइल जाळते आहे. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर पाणी किंवा कच्चे डिझेल जात असावे. चढावर जोर दिल्यावर फार काळा धूर आला तर पंप-नोझल किंवा हवेची जाळी बघावी. हिने सुरुवातीला थोडा पांढरा धूर टाकला आणि मिनिटाभरात साफ झाली.

नंतर कारखान्यातली माणसे धरून आठ जण बसलो आणि मोहदरी घाट चढलो. रिकाम्या गाडीची सपाटीवरची चक्कर काहीच सांगत नाही. चढावर क्लच सरकत होता, दुसरा गिअर कुरकुरत होता. पण तापमानाचा काटा जागचा हलला नाही. उतरताना ब्रेकने गाडी एका बाजूला ओढली नाही.

परत आल्यावर सौ.नी फरशीवर सतरंजी अंथरली आणि चक्क आडव्या झाल्या. बाक कुठे येईल, पाय कुठे पोहोचतील, ओट्यापाशी उभे राहता येईल का, पहिली पायरी जमिनीपासून किती उंच आहे, सगळे मोजून घेतले. माझ्या आईचे गुडघे धरलेले आहेत. तिच्यासाठी एक जादा पायरी लागणार हे तिथेच ठरले. मग छपरावर चार बादल्या पाणी ओतले. डाव्या मागच्या खिडकीतून थेंब आले. रबर बदलावे लागेल, पण आतल्या प्लायवूडला बुरशी लागण्याआधी कळले हे बरे.

वजन आणि कागद

आर.सी.वर गाडीचे रिकामे वजन आणि भरल्यावरचे कमाल वजन लिहिलेले असते. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. आठ बाय चारचा जाड प्लायवूड तीस किलोच्या वर जातो. मोठी बॅटरी पन्नासच्या वर. खुर्च्या काढून किती वजन कमी होते आणि आपण किती वाढवतो, याची बेरीज-वजाबाकी मी सुताराला बोलावण्याआधीच केली.

कागदांत दोन गोष्टी निघाल्या. एक, कंपनीने कर्ज फेडले होते, पण आर.सी.वर बँकेचा बोजा तसाच होता. त्यासाठी बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. दुसरी, नंबरप्लेट पिवळी, म्हणजे गाडी परिवहन वर्गातली. आठ वर्षांनंतर अशा गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेप्रमाणे बिगर-परिवहन वर्गात येते; पण तो बदल आर.टी.ओ.त करून घ्यावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीची मूळ रचना मनाने बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच बजावले आहे. म्हणून आधी लेखी मंजुरी, मग सुतार.

चासी नंबरचा पेन्सिलने छाप घेऊन तो आर.सी.शी ताडून पाहिला. दंडाची थकलेली चलने, कर, पर्यावरण कर, विमा हेही तपासले. गाडी तीन वर्षांनी पंधराची होईल. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील गाड्यांच्या नूतनीकरणाची फी बरीच वाढली आहे. तोही खर्च आम्ही आजच वहीत धरला.

क्लच, चार टायर, खिडकीचे रबर आणि गिअरचे काम यांचे कुर्ल्याचे भाव पुढे ठेवल्यावर सौदा तीन लाख पंचेचाळीस हजारांना ठरला. वीस हजार इसारा म्हणून धनादेशाने दिले आणि ‘बोजा उतरल्यावरच उरलेली रक्कम’ असे लिहून दोन्हीकडच्या सह्या घेतल्या. पाच आठवड्यांनी बोजा उतरला. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होऊन गाडी नावावर झाली. विमा आपल्या नावे करून घेण्यासाठी चौदा दिवसांच्या आत अर्ज द्यावा लागतो, तोही दिला.

वाचकांपैकी कुणी असा विचार करत असेल तर चुंबक, टॉर्च, टेप, सतरंजी आणि एक जाणता चालक एवढे सोबत न्यावे. घरातल्या बाईला नक्की न्यावे, कारण त्या गाडीत रांधायचे आणि म्हाताऱ्यांना निजवायचे तिलाच असते. आमची गाडी सध्या वस्तीच्या तोंडाशी उभी आहे. क्लच बदलून झाला आहे, आर.टी.ओ.ची मंजुरी यायची आहे. तोवर सुताराला तिच्यावर एक खिळाही ठोकू दिलेला नाही.