फुटक्या आरशांचे घर

रोमहून समुद्राच्या कडेकडेने वर टस्कनीत शिरले, की कापाल्बियो नावाचे टेकडीवरचे गाव लागते. त्याच्याजवळ गाराविक्किओच्या उतारावर ऑलिव्हच्या झाडांतून एकाएकी निळी, लाल, सोनेरी डोकी वर येतात. जत्रेतली सोंगे कुणीतरी घरी न्यायला विसरले असावे, असे क्षणभर वाटते. हीच निकी द सँ फाल या फ्रेंच-अमेरिकन शिल्पकार बाईंची टॅरो बाग.

भविष्य सांगायच्या टॅरो पत्त्यांत मूर्ख, जादूगार, न्याय, मृत्यू, सूर्य अशी २२ मोठी पाने असतात. ती सगळी इथे मूर्तिरूपाने उभी आहेत. काही तर घराएवढी. १९५५ साली बार्सिलोनातले गाउदीचे पार्क ग्वेल पाहून बाईंनी मनाशी ठरवले होते, की आपणही अशी एक बाग करायची. काम सुरू व्हायला १९७८ च्या आसपासचा काळ उजाडला आणि लोकांसाठी दार उघडले १९९८ साली!

एवढा ध्यास कशासाठी? १९५३ साली, ऐन तारुण्यात, बाईंचे मन ढासळले आणि नीस शहरातल्या इस्पितळात त्यांना ठेवावे लागले. तिथेच त्या चित्रे करू लागल्या आणि सावरल्या. लहानपणी वडिलांनीच आपल्यावर अत्याचार केला होता, हे त्यांनी १९९४ साली पुस्तक लिहून सांगितले. १९६१ पासून त्या रंगाच्या पिशव्या दडवलेल्या प्लास्टरच्या चित्रांवर बंदुकीच्या गोळ्या झाडत. रागाला अशी वाट मिळाली. पण रागात कायमचे राहता थोडेच येते? राहायला घर लागते.

ते घर म्हणजे इथली सम्राज्ञी. स्फिंक्ससारख्या बसलेल्या या प्रचंड स्त्रीच्या पोटात बाई कित्येक वर्षे राहिल्या. तिच्या एका स्तनात झोपायची खोली, दुसऱ्यात स्वयंपाकघर! आत भिंतींवर आणि छतावर आरशांचे तुकडेच तुकडे. मी मध्ये उभा राहिलो, तर एका तुकड्यात कान, दुसऱ्यात अर्धे कपाळ. सबंध चेहरा काही सापडेना. आरशापुढे रेंगाळणाऱ्या मुलीला आपल्याकडे वडीलधारी माणसे दटावीत. त्यांना मी इथे खुशाल आणले असते. या आरशांत नटता येत नाही. आपले तुकडे मोजता मात्र येतात.

आणि ते जोडायला माणसे लागतात. बाईंचे पती जाँ टँगली आणि त्यांच्या सोबत्यांनी लोखंडी सांगाडे जोडले. त्यांवर जाळी आणि सिमेंट चढले. मातीच्या फरश्या मूर्तीवरच घडवायच्या, काढून भट्टीत भाजायच्या आणि पुन्हा जागच्या जागी बसवायच्या. गावचा पोस्टमनसुद्धा आरसे जडवण्यात तरबेज झाला. पैशांसाठी बाईंनी १९८२ साली आपल्या नावाचे अत्तर बाजारात आणले. संधिवाताने हात आखडले, तरी काम थांबले नाही. स्वतःवर माया करणे म्हणजे स्वतःचे लाड करणे, असे ज्यांना वाटते, त्यांनी हा हिशेब जरूर पाहावा.

बाई २००२ साली गेल्या. आपल्या बागेत वाटाड्यामागून माणसांचे घोळके हिंडू नयेत, अशी त्यांची इच्छा होती. म्हणून इथे कुणी काही समजावून सांगत नाही. आपण आपले हिंडावे, आणि ज्या मूर्तीपाशी पाय थबकतील, तिथे जरा बसावे.