हौसेची सामग्री

हौशी भटक्याच्या सामानाची खरी पारख डोंगरावर होत नाहीं. ती नित्याच्या व्यवहारांत होते, असें आमचें मत आहे. आमचें लाखांदूर चुलबंद नदीच्या खोऱ्यांतलें, भाताचें गांव. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यांतील प्रतापगड चढण्यासाठीं आम्ही घोटा झांकणारे बूट, विजेरी आणि मुक्कामाला मच्छरदाणी घेतली. गडावर त्यांचें कौतुक बेताचेंच. महाशिवरात्रीच्या यात्रेकरूंचें त्यांवांचून कांहीं अडत नाहीं.

परंतु पावसाळ्यांत रात्रीं धुऱ्यावरून चालावें, म्हणजे या वस्तूंचें मोल कळतें. घोणस बहुधा पायालाच डसते. तेथें बूट आणि उजेड हेच संरक्षण. मण्यार रात्रीं जमिनीवर निजलेल्यास गांठते. म्हणून आमची मच्छरदाणी आतां घरींच रोज लागते, आणि तिच्या कडा अंथरुणाखालीं नीट खोंचल्याखेरीज आम्ही दिवा मालवीत नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ सालीं सर्पदंशाची गणना उपेक्षित रोगांत केली. उपेक्षित कोण, हें आमच्या बांध्यांत पाहावें. आमची जी हौस, ती ज्यांची गरज, तेच अनवाणी हिंडतात. रोवणीच्या चिखलांत बूट चालत नाहीं, हें खरें. पण अंधारांत बांधीचें पाणी पाहण्यास जाणाऱ्याच्या पायांत तो असावा, हें मागणें कांहीं फार नव्हे. त्या वाटेनें जाणारा शेजारी कधीं आमच्या बुटांची किंमत विचारतो. ती सांगतांना आमचा आवाज हल्लीं आपोआप खालीं येतो.