मनगटावरचे मोल

पांढुर्णा नागपूर-इटारसी लोहमार्गावर, तर सौंसर नागपूर-छिंदवाडा मार्गावर. २०२३ साली या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. राज्य मध्यप्रदेश; परंतु बाजारात कानी पडते ती मराठीच. संत्र्यांच्या या प्रदेशात आम्ही हिंडलो, तेव्हा लग्नाच्या बोलण्यांत एक विषय वारंवार निघे : जावयास घड्याळ हवे, आणि तेही नामांकित!

वास्तविक ही नामांकित घड्याळे गरजेतून उपजली. आकाशयात्री सांतोस-द्युमाँ यांना सुकाणूवरील हात न काढता वेळ पाहता यावी, म्हणून कार्तिए यांनी १९०४ साली त्यांच्यासाठी मनगटी घड्याळ घडविले. १९३१ चे ‘रिव्हर्सो’ हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांसाठी निघाले. काच फुटू नये म्हणून त्याची तबकडी उलटी फिरविता येते. आपल्याकडे सामान्यांच्या मनगटाची गरज १९६१ पासून बंगळूरच्या एच. एम. टी.ने भागविली. तो कारखानाही २०१६ साली बंद झाला. परंतु किल्लीची ‘जनता’ कित्येक घरांतून अद्याप चालते.

वाचकहो, वेळ दोन्ही घड्याळे सारखीच दाखवितात. ज्या घड्याळापायी संत्र्याची बाग गहाण पडते, ते जावयाच्या मनगटावर शोभेल खरे. त्याचा भार मात्र सासऱ्याच्या खांद्यावर राहतो.