गरम की गार?

मिशिगनमध्ये मोटारहोमवाल्यांचं वर्ष मे महिन्याच्या अखेरीस, मेमोरियल डेच्या सुटीत सुरू होतं आणि ऑक्टोबरात संपतं. पुढे पाणी गोठतं आणि गोठलेलं पाणी पाइप फोडतं. म्हणून थंडीआधी गाडीतलं सगळं पाणी काढायचं, पाइपांमधून गुलाबी अँटिफ्रीझ खेळवायचं आणि गाडी झाकून ठेवायची, असा इथला रिवाज आहे. हे गुलाबी द्रव म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल. गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते विषारी अँटिफ्रीझ वेगळं. आमची वापरलेली मोटारहोम आम्ही अशीच झाकलेल्या अवस्थेत, फेब्रुवारीत घेतली. इंजिन चालवून पाहिलं, छत कुठे गळलंय का ते पाहिलं, गाद्या दाबून पाहिल्या. नळ सोडून पाहण्याची सोय नव्हती, कारण बाहेर सगळंच गोठलेलं होतं.

त्यामुळे पाण्याची गाठ पडली ती थेट पहिल्या सहलीत. राज्याच्या पश्चिम किनाऱ्याला, लेक मिशिगनपासून जवळ एका कॅम्पग्राउंडवर आम्ही उतरलो होतो. जेवणं झाली, भांडी घासायला गरम पाण्याचा नळ सोडला आणि सडक्या अंड्यांचा वास गाडीभर पसरला. त्या उन्हाळ्यात सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. नाकाला पदर लावून त्या म्हणाल्या, "अगं, पादेलोणाची बरणी फुटली की काय?"

आईंचं नाक अगदी बरोबर होतं. पादेलोणाला वास येतो तो गंधकाच्या संयुगांमुळे, आणि आमच्या नळातून येत होता तोही गंधकाचाच, हायड्रोजन सल्फाइड वायूचा. मी सांगलीला रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं. अकरावी-बारावीपासून प्रॅक्टिकलला सॉल्ट अ‍ॅनालिसिस करताना किपच्या उपकरणातून हाच वायू परीक्षानळीत सोडायचा, शिसं असेल तर काळा साका आणि कॅडमियम असेल तर पिवळा, हे पाहायचं, आणि घरी गेल्यावर आईनं अंगावरचे कपडे आधी बदलायला लावायचे. तो वास एकदा ओळखीचा झाला की जन्मभर चुकत नाही. शिवाय माणसाच्या नाकाला तो फार लवकर लागतो. अब्जात काही भाग एवढा असला तरी कळतो. गाडीतल्या पाण्यात असतो तो इतकाच थोडा. त्यानं जिवाला धोका नव्हता, पण त्या पाण्यानं घासलेल्या ताटात दुसऱ्या दिवशी जेवायची कुणाची तयारी नव्हती.

वासावर उपाय सांगायला माणसं कमी पडत नाहीत. शेजारच्या तंबूतल्या बाईंनी व्हिनेगर सांगितलं, पलीकडच्या ट्रेलरवाल्यांनी बेकिंग सोडा, कॅम्पग्राउंडच्या दुकानात टाकीत घालायची एक सुगंधी बाटली पुढे केली गेली. माझा नवरा ब्लीचचा कॅन घेऊन तयारच होता. तो सॉफ्टवेअरमधला आहे, बिघडलं की आधी रीस्टार्ट करतो. मी म्हटलं, थांब. वास कुठे राहतो ते कळल्याशिवाय त्याला कुठून हाकलणार?

मोटारहोममध्ये पाणी दोन वाटांनी येतं. कॅम्पग्राउंडच्या नळाला नळी लावून ती गाडीच्या बाजूच्या तोंडाला जोडली की पाणी आपल्याच दाबानं थेट पाइपांत शिरतं. याला सगळे सिटी वॉटर म्हणतात, मग ते रानातल्या विहिरीचं का असेना. नळ जवळ नसेल तिथे गाडीतली स्वतःची टाकी, म्हणजे फ्रेश टँक, कामी येते. तिच्यातून बारा व्होल्टचा छोटा पंप पाणी ओढतो. पुढे दोन्ही वाटा एक होतात आणि लगेच दोन फाटे फुटतात. एक फाटा सरळ नळाकडे, तो गार. दुसरा गीझरमधून फिरून येतो, तो गरम. वापरलेलं पाणी ग्रे टँकमध्ये जातं आणि संडासचं ब्लॅक टँकमध्ये. म्हणजे वास मूळ पाण्यात असू शकतो, नळीत किंवा फिल्टरमध्ये, फ्रेश टँकमध्ये, गीझरमध्ये, किंवा पाण्यात अजिबात नसून सिंकच्या भोकातून ग्रे टँकमधला वर येत असू शकतो.

मी काचेचे चार ग्लास घेतले. एकात कॅम्पग्राउंडच्या नळाचं पाणी, नळी न लावता. दुसऱ्यात सिटी वॉटरवरचं गार पाणी. मग बाहेरचा नळ बंद करून पंप चालू केला आणि तिसऱ्यात घरून भरून आणलेल्या टाकीतलं गार पाणी. चौथ्यात गरम. ग्लास भरला की गाडीबाहेर नेऊन, झाडाखालच्या बाकावर ठेवून वास घ्यायचा. सिंकपाशी हुंगण्यात अर्थ नाही, कारण तिथे पाण्याचा वास कोणता आणि मोरीचा कोणता हे समजत नाही. पहिल्या दोन ग्लासांना लोखंडाची पुसट चव होती, तिसऱ्याला प्लॅस्टिकची. चौथा ग्लास आईंनी न सांगता लांब सरकवला.

वास फक्त गरम पाण्याला होता, म्हणजे तो गीझरमध्येच तयार होत होता. त्याची रीत अशी. मिशिगनच्या बऱ्याच भागांत भूजलात लोह असतं, सल्फेट असतं. सल्फेटला स्वतःचा वास नाही. पण ऑक्सिजनशिवाय जगणारे काही जिवाणू आपण ऑक्सिजन घेतो त्या जागी सल्फेट वापरतात आणि त्याचं हायड्रोजन सल्फाइड करून सोडतात. बंद, अंधाऱ्या, कोमट टाकीत ते खुशाल वाढतात. आमच्या गीझरची टाकी पोलादी, आतून काचेसारख्या एनॅमलचा मुलामा दिलेली, सहा गॅलनची, म्हणजे साधारण तेवीस लिटरची. अशा टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी बसवलेली असते, तिला अ‍ॅनोड रॉड म्हणतात. पोलादाआधी तिनं झिजायचं आणि टाकी वाचवायची, एवढंच तिचं काम. मात्र झिजता झिजता तिच्यापाशी थोडा हायड्रोजन तयार होतो, आणि हे जिवाणू तो आवडीनं खातात. टाकी वाचवणारी कांडीच त्यांना पोसत होती. अ‍ॅल्युमिनियमची टाकी असलेले गीझरही असतात. त्यांना अशी कांडी नसते, त्यामुळे पाना हातात घेण्यापूर्वी आपला गीझर कोणता ते पाहावं लागतं.

त्या सहलीत गीझर बंद ठेवला, पातेल्यात पाणी तापवलं आणि अंघोळी कॅम्पग्राउंडच्या न्हाणीघरात केल्या. खरं काम घरी येऊन ड्राइव्हवेत केलं.

पहिली गोष्ट म्हणजे गीझरचा गॅस आणि वीज दोन्ही बंद. पाण्याशिवाय विजेचा एलिमेंट क्षणात जळतो. मग रात्रभर गार होऊ द्यायचं. सकाळी बाहेरचा पाणीपुरवठा आणि पंप बंद करून, गीझरच्या तोंडावरचा प्रेशर व्हॉल्व्ह उचलून आतला दाब सोडायचा. तो न सोडता कांडी काढली तर ती पाण्यासकट अंगावर येते. कांडी गाडीच्या बाहेरूनच, झाकण उघडून निघते. तिला १ १/१६ इंचाचा सॉकेट पाना लागतो. आमची इतकी गच्च बसली होती की पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइपचा तुकडा चढवून नवऱ्याला सगळा भार टाकावा लागला. कांडी निघाली आणि मागोमाग काळपट पाणी, त्यात पांढऱ्या पापुद्र्यांचे ढीग. पापुद्रे क्षारांचे, काळं ते लोह आणि सल्फाइड एकत्र आल्याचं. कांडीच्या मधली तार उघडी पडली होती आणि उरलेलं मॅग्नेशियम कुरतडलेल्या उसासारखं दिसत होतं. पाऊण भाग झिजला की कांडी बदलावी असा नियम आहे. हिच्यात बदलण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं.

टाकी आतून धुवायला एक वाकडी, बारीक तोंडाची नळी मिळते. ती कांडीच्या भोकातून आत घालून सगळ्या बाजूंनी पाणी मारत राहिलो. स्वच्छ पाणी यायला बराच वेळ लागला. इथे व्हिनेगर घालणारे घालतात, क्षार सोडवायला ते चांगलंच आहे, पण जिवाणूंवर त्याचा भरवसा नाही. आणि व्हिनेगर व ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो. शेजारणीचा आणि नवऱ्याचा असे दोन्ही उपाय एकदम केले असते तर बंद गाडीत काय झालं असतं, ते बी.एस्सी.च्या मुलीला सांगायला नको.

कांडीच्या भोकाला बूच लावून मग ब्लीच. हे साधं, बिनसुगंधाचं हवं; सुगंधी किंवा शिंतोडे न उडणारं दाट ब्लीच नको. जुनं झालेलं ब्लीच कमजोर होतं, म्हणून बाटली नवी घेतली. प्रमाण पंधरा गॅलनला पाव कप. आमची टाकी चाळीस गॅलनची, त्यात गीझरचे सहा धरले, म्हणजे पाऊण कप. एवढं पुरतं, जास्त घातल्यानं जास्त स्वच्छ होत नाही, नंतर धुण्याचं काम तेवढं वाढतं. बादलीभर पाण्यात आधी मिसळून मग टाकीत ओतलं आणि टाकी काठोकाठ भरली. त्याआधी पाण्याचा फिल्टर काढून ठेवला, कारण कार्बन क्लोरीन खाऊन टाकतो. गीझरचा बायपास बंद आहे ना तेही पाहिलं. अँटिफ्रीझ गीझरमध्ये जाऊ नये म्हणून थंडीत त्याला वगळून पाणी परस्पर पुढे नेणारे व्हॉल्व्ह असतात. ते तसेच राहिले तर ब्लीच सगळीकडे फिरतं, फक्त जिथे हवं तिथे जात नाही.

पंप चालू करून एकेक नळ सोडला, आधी गरम मग गार, ब्लीचचा वास येईपर्यंत. स्वयंपाकघर, बेसिन, शॉवर, संडास. आणि गाडीच्या बाहेर एका छोट्या दाराआड असलेला, वाळूचे पाय धुण्याचा शॉवर. तो कुणी वापरत नाही, म्हणून त्याच्या पाइपात पाणी महिनोन्‌महिने उभं असतं. मग सगळं चार तास तसंच ठेवलं. त्यानंतर रिकामं करायचं, साध्या पाण्यानं भरायचं, पुन्हा रिकामं, असं ब्लीचचा वास जाईपर्यंत. ते पाणी ग्रे टँकमध्ये घेऊन डंप स्टेशनवर सोडलं. हिरवळीवर सोडलं असतं तर हिरवळ उरली नसती.

राहिला प्रश्न कांडीचा. नवरा म्हणाला, ती जिवाणूंना पोसते तर बसवायचीच कशाला, बूच राहू दे. असं करणारे लोक आहेत. पण मग गंजण्याची पाळी टाकीवर येते, आणि गीझर कांडीच्या कितीतरी पट महाग. मधला मार्ग म्हणजे अ‍ॅल्युमिनियममध्ये थोडं जस्त मिसळलेली कांडी. ती मॅग्नेशियमपेक्षा शांतपणे झिजते, वास कमी करते आणि टाकीही सांभाळते. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढे देऊन ती बसवली. गीझर आधी पाण्यानं पूर्ण भरला, गरम नळातून हवा न फुसफुसता सलग धार आली, मग गॅस पेटवला.

पुढच्या सहलीत मॅकिनॉ पूल ओलांडून उत्तरेला अप्पर पेनिन्सुलात गेलो. तिथला टाक्वामेनन धबधबा चहाच्या रंगाचा पडतो. नदीकाठच्या दलदलीतल्या सीडर वृक्षांचं टॅनिन पाण्यात उतरतं, त्याचा तो रंग. आई कठड्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "इतकं तांबूस पाणी आणि वास काहीच नाही. तुमच्या नळाचं आरशासारखं होतं." रंग आणि वास यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही, हे पाण्याबाबत त्या दोन सहलींत आम्हाला पुरतं कळलं.

त्यानंतर वास आला नाही असं नाही. ऑगस्टमध्ये एकदा गाडी उन्हात उभी राहिली आणि सिंकखालच्या वाकड्या पाइपातलं पाणी सुकलं. ग्रे टँकचा वास वर आला. सिंकमध्ये तांब्याभर पाणी ओतलं, काम झालं. एकदा नळीच्या आतच शेवाळ धरलं होतं. आता पिण्याच्या पाण्याची पांढरी नळी वेगळी ठेवतो, पाणी निथळून तिची दोन्ही टोकं एकमेकांना जोडतो, म्हणजे माती नाही आणि किडे नाहीत. सहल संपली की फ्रेश टँक आणि गीझर रिकामे करूनच गाडी उभी करतो. कांडी दर ऑक्टोबरात अँटिफ्रीझच्या दिवशी काढून पाहतो.

गेल्या वर्षी डेट्रॉईटच्या महाराष्ट्र मंडळातल्या एका मैत्रिणीनं मोटारहोम भाड्यानं घेतली आणि दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला. तिनं कुणाकडून तरी आमची गोष्ट ऐकली होती. तोच वास, सडकी अंडी. अ‍ॅनोड रॉड कुठे मिळेल आणि पाना कितीचा लागतो, एवढंच तिला हवं होतं. मी विचारलं, "गरम की गार?" ती म्हणाली, दोन्ही. पंप बंद करून कॅम्पग्राउंडच्या नळावर घे म्हटलं. वास गेला. तिचा गीझर चांगला होता. वास फ्रेश टँकमध्ये आधीच्या भाडेकऱ्यानं ठेवलेल्या पाण्याला होता, आणि त्याला पाना नको, कांडी नको. टाकी रिकामी करायची आणि मोजून ब्लीच घालायचं, तेवढं पुरलं.