शस्त्रांच्या फरशीवरून

दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशाची राजधानी बोगोटा ही समुद्रसपाटीपासून सुमारें २,६०० मीटर उंचीवर, अँडीज पर्वताच्या पठारावर वसलेली आहे. विषुववृत्त जवळ असूनही येथें बारमाही गारवा; भर दुपारींही आम्हांस अंगावरची शाल काढवेना, आणि चार पायऱ्या चढतांच दम लागे. जुन्या शहरांत बोलिवारचा चौक आहे. मध्यें त्या मुक्तिदात्याचा पुतळा, पूर्वेस ख्रिस्ती लोकांचें मोठें प्रार्थनामंदिर, दक्षिणेस कायदेमंडळ, उत्तरेस न्यायमंदिर, आणि कबुतरें चोहोंकडे! प्रवासी त्यांस दाणे टाकून पुढें जातात. आम्ही न्यायमंदिराच्या भिंतीकडे पाहत बराच वेळ उभे राहिलों.

ही इमारत नवी आहे. जुनी १९८५ च्या नोव्हेंबरांत जळाली. ६ तारखेस एम-१९ नामक बंडखोर आंत शिरले, सरकारनें रणगाडे आणले, आणि दोन दिवसांत सुमारें शंभर माणसें प्राणांस मुकलीं. त्यांत सर्वोच्च न्यायालयाचे अकरा न्यायाधीश होते. जिवंत बाहेर आलेल्यांपैकीं कांहींचा पुढें ठावठिकाणाच लागला नाहीं. २००२ सालीं त्याच तारखेस, पहिला बळी पडला त्या घटकेस, ह्या भिंतीवरून एक रिकामी लाकडी खुर्ची हळूहळू खालीं सोडण्यांत आली. मागून दुसरी, तिसरी. ५३ तासांत अशा २८० खुर्च्या. भाषण नाहीं, आगाऊ जाहिरात नाहीं. ही कल्पना डोरिस साल्सेदो ह्या बाईंची. १९५८ सालीं बोगोटांतच जन्मलेल्या ह्या शिल्पकर्त्रीनें आपल्या देशांतील हिंसेवांचून दुसरा विषय फारसा हातीं घेतलेला नाहीं.

खुर्च्या टांगणें ही कला कशी, असें वाचक विचारतील. नव्या कलेच्या नांवाखालीं वस्तूंचा ढीग आणि त्यावर लांबलचक भाष्य, असला प्रकार आम्हींही पुष्कळ पाहिला आहे व त्याचा आम्हांस कंटाळा आहे. परंतु ज्या घरांतला कर्ता पुरुष गेला, त्या घरांत त्याच्या आरामखुर्चीवर कित्येक महिने कोणी बसत नाहीं. तेथें भाष्य कोण करतो? बाईंनीं तेंच एका राष्ट्राच्या डोळ्यांसमोर टांगलें. २०१६ च्या ऑक्टोबरांत जनमतानें शांततेचा करार अगदीं थोड्या मतांनीं नाकारला, तेव्हां ह्याच चौकांत त्यांनीं पांढऱ्या कापडांवर राखेनें मृतांचीं नांवें लिहविलीं आणि नागरिकांनीं तीं कापडें एकमेकांस शिवलीं. राख ती, किती टिकणार?

सुधारलेला करार त्याच वर्षीं नोव्हेंबरांत झाला. फार्क ह्या बंडखोर सेनेनें शस्त्रें खालीं ठेविलीं, आणि त्यांतून स्मारक करण्याचें काम साल्सेदोंकडे आलें. तें 'फ्रागमेन्तोस', म्हणजे 'तुकडे', चौकापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर आहे. एका जुन्या घराच्या पडक्या भिंती तशाच राखून मधें कांचेचीं दालनें उभारलीं आहेत. आम्ही स्मारक शोधीत वर पाहूं लागलों. तें पायांखालीं होतें. सुमारें ३७ टन शस्त्रें वितळवून त्यांची ही काळसर फरशी ओतली आहे.

आमचें पाऊल क्षणभर अडखळलें. खंडेनवमीस शस्त्रास हळदकुंकू वाहणारे आपण. पाय लागला तर नमस्कार करणारे. येथें मात्र बाईंना बंदुकीचा पुतळा उभारावयाचा नव्हता. तिच्यावरून लोकांनीं चालावें अशी त्यांची इच्छा. फरशी सपाट नाहीं. युद्धांत ज्यांच्या अब्रूवर घाला पडला अशा स्त्रियांना बोलावून, धातूचे पत्रे हातोड्यांनीं ठोकावयास दिले, आणि त्या पत्र्यांवरून फरशीचे सांचे घेतले. ही हकीकत तेथेंच एका चित्रपटांत दाखवितात. प्रथम भीत भीत मारलेला हातोडा पुढें पुढें असा कांहीं पडूं लागतो, कीं पाहणाऱ्यानें मान खालीं घालावी. त्यांच्यावर अत्याचार करणारे सर्वच पक्षांचे होते, हेंही ध्यानांत ठेवावें.

स्मारक २०१८ सालीं खुलें झालें. युद्ध जितकीं वर्षें चाललें, तितकीं म्हणजे ५३ वर्षें, येथें इतर कलावंतांस आपलें काम मांडण्यास पाचारावें अशी योजना आहे. भिंतींवर दरवेळीं वेगळें कांहीं दिसेल; चालावयाचें मात्र त्याच खळग्यांवरून.